येतो गं, आत्या

आमच्या वसूला त्या देशानं पहिल्यांदा नकार दिला तो एका शब्दावरून, आणि तो शब्द तिला मीच शिकवला होता.

नुकती चालायला लागली होती तेव्हाची गोष्ट. आप्पाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, गाडीवर पुढं बसून ती फेरफटका मारायला निघाली आणि हात हलवून मला म्हणाली, "जातो." मी तिला गाडीवरून उचलून परत घरात आणलं. "जातो न्हाई म्हणायचं, बाळा. येतो म्हणायचं. म्हण बघू." तिनं म्हटलं, मगच सोडलं.

तिचं पूर्ण नाव वसुंधरा मगदूम. तिची आई लवकर गेली. मी लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहत होते, त्यामुळे मुलगी माझ्या अंगाखांद्यावरच वाढली. आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण पुढं तिच्यावरून गोंधळ झाला. लिहिताना मी 'आले, गेले' लिहिते. पण आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना पुरुषांसारखं 'आलो, गेलो' म्हणतो. पुण्याचे लोक हसतात. हसू देत.

मी टेलिफोन केंद्रात ट्रंक ऑपरेटर होते. पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन, हातात तारा. एका गावाची तार दुसऱ्या गावाच्या भोकात घातली की आई लेकीशी बोलायची. मुंबईला, दुबईला, एकदा तर बर्फात अडकलेल्या बोटीवर. वेळ संपत आली की मी मध्ये बोलायची, "आवरा आता." त्या हजारो माणसांत 'फोन बंद करते' असं म्हणणारं कुणी मला भेटलं नाही. सगळे म्हणायचे, 'ठेवतो', 'ठेवते'. काय ठेवतात, कुठं ठेवतात, कोण जाणे. पण ठेवतात. आपल्या भाषेला निरोप असा घेताच येत नाही.

वसू शिरोलीत आप्पाच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकली. चेहऱ्यावर काळी काच धरून ती आठवीत असल्यापासून लोखंडाला टाका मारायची. पुढं विशाखापट्टणमला जाऊन पाण्याखालचं जोडकाम शिकून आली. तिचा टाका बघायला आप्पाचे जुने मित्र मुद्दाम यायचे. "रावसाहेब, पोरीचा हात म्हणजे शिलाई मशीन हाय," असं त्याला म्हणायचे, आणि आप्पा चहाच्या कपात बघत बसायचा, म्हणजे त्याचं हसू कुणाला दिसू नये.

त्याच सुमाराला उत्तरेकडच्या एका बेटांच्या देशानं कामगार मागवायला सुरुवात केली. त्या देशाचं खरं नाव उच्चारताना आप्पाची जीभ अडखळायची, म्हणून आमच्या घरात त्याला 'बर्फाळी' असंच नाव पडलं. बर्फाळीची सगळी वीज समुद्राच्या भरती-ओहोटीवर फिरणाऱ्या मोठमोठ्या चक्क्यांतून येते. चक्क्या पाण्याखाली असतात. सरळ जोड यंत्रमानव करतात, पण गढूळ पाण्यात, जुन्या तडकलेल्या लोखंडावर, हाताच्या अंदाजानं काम करणारी माणसं जगातच थोडी. वसू त्यांतली एक.

अडचण एकच होती. बर्फाळीत माणसं यायची, शिकायची आणि चार पैसे गाठीला बांधून परत जायची. गावंच्या गावं ओस पडत होती. म्हणून त्यांनी कायदा केला : राहण्याचा आणि कामाचा परवाना मिळेल, पण जो राहायला येतो त्यालाच. आणि माणूस राहायला येतो की परत जायला, हे ओळखायला त्यांनी एक यंत्र आणलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं, ओढमापक.

ते कसं चालतं हे वसूनं मला चटणी वाटताना समजावून सांगितलं, ते आठवेल तसं लिहिते. मेंदूत, कानाच्या बरंच आत, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. तिथल्या काही पेशी जागा ओळखतात. एक पेशी दारापाशी पेटते, दुसरी कोपऱ्यावर, तिसरी पुलावर. उंदरावर प्रयोग करणाऱ्यांच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं, की उंदीर नुसता बसलेला असतानाही या पेशी भराभर एकामागून एक पेटतात. म्हणजे तो जागचा न हलता मनातल्या मनात ती वाट चालून येतो. माणूसही तेच करतो. निघायच्या आधी आपण पापणी लवायच्या आत सगळी वाट चालून आलेलो असतो.

पूर्वी हे बघायला डोक्यात तारा घालाव्या लागायच्या. ओढमापकात नुसती टोपी असते. टोपीत काचेच्या बारीक बारीक कुप्या, कुप्यांत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ आणि त्या वाफेतून जाणारा लेसरचा किरण. मेंदूतल्या विजेमुळं जे अगदी मिणमिणतं चुंबकत्व तयार होतं, त्यानं ती वाफ थरथरते आणि किरण बदलतो. आधी तुम्हाला तुमच्या घराची, रस्त्याची, विमानतळाची आणि बर्फाळीच्या धक्क्याची चित्रं दाखवतात, म्हणजे कुठल्या जागेला तुमचा मेंदू कसा पेटतो हे यंत्र शिकून घेतं. मग सांगतात, कायमचं घर सोडताना उंबऱ्यात जे बोलाल ते तुमच्या भाषेत बोला आणि डोळे मिटा. मेंदू वाट चालतो. वाट बर्फाळीत जाऊन थांबली तर परवाना. वळून घरी आली, तर जितकी जोरात आली तितकी तुमची ओढ, आणि ओढ जास्त तर नकार.

वसू पुण्याच्या परवाना कचेरीतून परत आली ती दारात चपला न काढताच म्हणाली, "आत्या, त्यांनी मला विचारलं, तो कोण?"

"कोण तो?"

"तेच की! मी म्हटलो, 'येतो गं, आत्या.' त्यांच्या भाषांतराच्या यंत्रानं लावलं, 'तो येत आहे.' ती बाई मला म्हणती, तुमच्या अर्जात कुणा पुरुषाचा उल्लेख नाही. हा येणारा कोण?"

आप्पा आतून हसत आला. "मग? सांगायचं न्हाई का एखाद्याचं नाव? तेवढंच माझं काम झालं असतं."

"आप्पा, थट्टा न्हाई. मी सांगितलो, तो म्हणजे मीच. तर बाई म्हणाली, म्हणजे 'मी येत आहे'. घर सोडताना तुम्ही म्हणता, मी येत आहे. आणि यंत्र पण तेच दाखवतंय. बर्फाळीपर्यंत गेली वाट आणि तशीच फिरून आपल्या दारात. तोंड आणि मेंदू दोघं एकच बोलतायत, म्हणून खोटं न्हाई, पण नकार." तिनं पर्स सोफ्यावर टाकली. "एकदा फेरसुनावणी मिळती. घरच्या एका माणसाला साक्षीला घेऊन जायचं. त्यात पण न्हाई म्हटलं, तर दार कायमचं बंद."

मला आधी त्या यंत्राचाच राग आला. मग मी तिला विचारलं, "वसू, खरं सांग. तुला तिथं राहायचंय का?"

"राहायचंय." एवढं सरळ उत्तर तिनं मला क्वचितच दिलं असेल. "त्या चक्क्यांचं चित्र मी कितीदा बघतोय. माझ्या हातानं त्यातली एक तरी फिरली पाहिजे. मी चार दिवसांसाठी न्हाई जायला निघालो, आत्या."

मग तयारी सुरू झाली. मुळात ती माझीच कल्पना. शब्द आडवा येतो ना, मग शब्द बदलू. रोज सकाळी वसू वर्कशॉपला निघाली की मी उंबऱ्यात उभी राहायची आणि म्हणायची, "म्हण."

"जा..." असं म्हणून ती थांबायची. मग हसायची. मग पुन्हा, "जा..."

"अगं, साधा शब्द हाय. पुणे-मुंबईची माणसं बिनदिक्कत म्हणतात."

"मग तू म्हणून दाखव."

मी म्हणायला गेले आणि माझा हात आपोआप तोंडावर आला. जन्मभर हजारो लोकांचे निरोप मी कानांनी ऐकले, पण तो शब्द कधी जिभेवर येऊ दिला नव्हता. आमच्याकडं 'गेला' फक्त एकाच प्रकारच्या माणसाबद्दल म्हणतात.

एका सकाळी वसूनं डोळे घट्ट मिटले आणि मोठ्यानं म्हटलं, "जातो मी." आप्पा मागं दाढी करत होता. तो तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आला.

"हे काय चाललंय?"

"परवान्याची तयारी," मी म्हटलं.

"माझ्या उंबऱ्यात तो शब्द काढायचा न्हाई. बर्फाळी गेली खड्ड्यात." आणि आत गेला. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर येऊन, आवाज खाली आणून म्हणाला, "उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून करा पाहिजे तर. पोरीचं नुकसान नको."

मग आम्ही फाटकाबाहेर, बोगनवेलीखाली तालीम करायला लागलो. आणि हळूहळू तिला ते जमायला लागलं. 'जातो' म्हणताना तिचा आवाज सपाट व्हायचा. संध्याकाळी घरी आली तरी ती कमी बोलायला लागली. स्वयंपाकघरात येऊन डब्यात हात घालायची ती सवय गेली. मी काही विचारलं तर 'हो', 'नाही'. यंत्र फसवायला मनातली वाट पुसावी लागते, आणि ती पुसत होती. मी बघत होते आणि गप्प होते, कारण परवाना तिला हवा होता आणि मलाही तो तिच्यासाठी हवा होता.

फेरसुनावणीला आम्ही दोघी पुण्याला गेलो. मी ठेवणीतली इरकल नेसले होते. परवाना कचेरीत अधिकारी बाई होत्या, ईडा नावाच्या, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, पांढरे केस, अंगात हातानं विणलेलं जाकीट. त्यांचं बोलणं टेबलावरच्या डबीतून मराठीत यायचं. ते मराठी इतकं शुद्ध होतं, की मला सदाशिव पेठेत बसल्यासारखं वाटलं.

"नमस्कार. आपण साक्षीदार आहात. कृपया आसनस्थ व्हावे."

वसूनं टोपी घातली. चित्रं दाखवून झाली. आमचं फाटक, बोगनवेल, शिरोली नाका, विमानतळ, आणि शेवटी करड्या पाण्याकाठचा तो धक्का. मग डबी म्हणाली, "आता कायमचे घर सोडत आहात. बोला."

वसूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. म्हण, बाई, म्हण एकदाचं. तिनं ओठ उघडले, मिटले. डोळे भरले नव्हते तिचे. टाका मारायच्या आधी काच खाली ओढताना असतात तसे स्थिर होते.

"येतो गं, आत्या," ती म्हणाली.

ईडाबाईंनी पडद्याकडं पाहिलं आणि सुस्कारा टाकला. मला काही विचारायची गरज नव्हती. वाट परत आली होती.

वसू माझ्याकडं वळली. "जमलं न्हाई बघ. तो शब्द म्हटला असता तर तिथं पोचलेली मी मीच राहिलो नसतो."

काय सांगू, तिचा परवाना हातचा जात होता आणि माझी छाती अभिमानानं भरून आली होती. "बरं झालं," मी म्हटलं.

ईडाबाई म्हणाल्या, "नियमानुसार साक्षीदाराचेही मापन करावे लागते. घरचे माणूस अर्जदाराला धरून ठेवत असेल, तर ते नोंदवायचे असते." आणि टोपी माझ्या अंबाड्यावर आली. टोपी बसेना, म्हणून वसूनं माझ्या केसांतले आकडे काढून टेबलावर ठेवले.

मलाही चित्रं दाखवली. आमचं घर, टेलिफोन केंद्राची जुनी इमारत, रंकाळा, एस. टी. स्टँड. मग म्हणाल्या, राहत्या घरातून निघताना बोलता तसे बोला. मी म्हटलं, "येतो, आप्पा," आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा ईडाबाई पडद्यावर वाकल्या होत्या. त्यांनी मापन पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. मग त्या हळू बोलल्या आणि डबीनं ते नेहमीच्याच ठणठणीत आवाजात सांगितलं, "आपली ओढ शंभरात ब्याण्णव आहे. आपण राहते शहर सोडण्याच्या बेतात आहात काय?"

"मी? या वयात?"

"वाट आपल्या घरातून निघते, बसस्थानकावर जाते आणि तिथून पुढे यंत्राला ठाऊक नसलेल्या एका जागी थांबते. ती जागा कुठली? आत्ता डोळ्यांपुढे काय होते?"

मला आठवावं लागलंच नाही. "दगडाची पायरी. पायरीला डाव्या अंगाला खाच, तिथं आई तांब्या टेकवायची. फणस. गोठ्यातला वास. आणि खालून ओढ्याचा आवाज."

"कुठे आहे हे?"

मी गावाचं नाव सांगितलं, हरळवाडी. ईडाबाईंनी उपग्रहाचा नकाशा काढला, नाव टाकलं, आणि भिंतीवर नुसतं निळं आलं. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा निळं.

"बरोबर हाय," मी म्हटलं. "धरणाचं पाणी हाय ते. मी टेलिफोनच्या नोकरीसाठी कोल्हापूरला आलो तेव्हा त्या पायरीवर उभी राहून आईला म्हटलं, येतो. आई म्हणाली, ये. पुढच्या पावसाळ्याच्या आत गाव उठलं. आई वसाहतीत राहायला गेली. त्या पायरीवर मी पुन्हा पाय ठेवला न्हाई. ठेवणार कुठून?"

मग वसू उठली. तिच्या कामातला तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"बाई, ही माझी आत्या. निवृत्त होईपर्यंत एक नोकरी, एक शहर, एक घर. बदली घेतली न्हाई, घर बदललं न्हाई, मला टाकून एक रात्र कुठं राहिली न्हाई. आणि तुमचं यंत्र म्हणतंय ही उद्या चालली. यंत्रानं चुकीचं मोजलं असं मी म्हणत न्हाई. मोजलंय बरोबर. पण आपण दाबाच्या मीटरवर तापमान वाचतोय. ही ओढ म्हणजे परत जायचा बेत न्हाई. आमच्यात माणूस निघताना मागची वाट उघडी ठेवून निघतं. तसं निघालेलं माणूस कसं राहतं, ते तुमच्यासमोर बसलंय."

ईडाबाई माझ्याकडं वळल्या. मग त्यांनी विचारलं, आणि या वेळी डबी जरा अडखळली. "जाण्याची जागा उरली नाही, तरी वाट का ठेवलीत?"

"ठेवली म्हणून तर इथं राहता आलं," मी म्हटलं. "पुसली असती तर सगळ्याच गावात उपरी झालो असतो."

त्यांनी टोपी माझ्या डोक्यावरून स्वतःच्या हातानं काढली. आकडे एकेक करून माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाल्या, "नियम बदलण्याचा अधिकार मला नाही. मापनाच्या अर्थाविषयी शंका कळवण्याचा आहे. मी तो वापरणार आहे." आणि दार उघडताना, डबीशिवाय, त्यांच्या वाकड्या उच्चारात त्यांनी विचारलं, "ये-तो?"

"तुम्ही येते म्हणा," वसू म्हणाली. "येतो फक्त आमच्यात."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पण घरात वसू पुन्हा डब्यात हात घालायला लागली होती, आणि मला तेवढ्यावर निभावता आलं. पोह्याचे पापड वाळत घालायच्या सुमाराला परवाना आला. आप्पानं चष्मा पुसून तो मोठ्यानं वाचला. नाव, काम, राहण्याची मुदत : कायम. आणि खाली एक ओळ होती. 'ओढ : मोजली. हरकत नाही.'

"हरकत न्हाई म्हणतायत," आप्पा म्हणाला. "सरकारी माणसं असून बोलायची रीत हाय त्यांच्यात." आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिला.

निघायच्या दिवशी मी तिच्या तळहातावर दही घातलं. बॅगा गाडीत चढल्या. ती उंबऱ्यात थांबली, उंबऱ्याच्या आत, बोगनवेलीखाली नाही.

"येतो गं, आत्या."

"ये."

एवढंच. निरोप घेणाऱ्यानं येतो म्हणायचं असतं, आणि राहणाऱ्यानं ये म्हणायचं असतं. हे दुसरं थोडं जास्त अवघड आहे, पण माझ्या आईनं ते मला करून दाखवलं होतं.

वसू बर्फाळी सोडून गेली नाही, राहिली. आता तिथल्या पाण्याखालच्या जोडकामाची ती प्रमुख आहे. तिच्या हाताखाली त्या देशातलीच दाढीवाली, दांडगी माणसं काम करतात. दोनदा इकडं येऊन गेली. तिकडं परतताना उंबऱ्यात ती 'येतो' म्हणते, आणि तिकडून निघतानाही धक्क्यावर 'येतो' म्हणूनच निघते. ती सांगते, ओढमापक अजून आहे, पण आता त्या आकड्यावरून कुणाला परत पाठवत नाहीत. उलट ज्याची ओढ अगदी शून्य येते, त्याला ईडाबाई पुन्हा बसवून विचारतात, सगळं ठीक आहे ना.

परवा तिचा फोन आला. मागं वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज. आम्ही आप्पाच्या गुडघ्याबद्दल बोलत होतो. तेवढ्यात कुणीतरी पुरुष लांबून मोठ्यानं ओरडला, "येतो, वासू!"

"कोण गं तो?" मी विचारलं. वसू खळखळून हसली.

"आमच्यातला एक. पाळी संपली, घरी निघाला. सगळी बोट आता हेच म्हणती. माझ्याकडून शिकलेत, त्यामुळं बायका पण येतोच म्हणतात. हा मात्र बरोबर म्हणतो, पुरुष हाय म्हणून."

"मग तू काय म्हणतीस त्याला?"

"काय म्हणणार?" ती म्हणाली आणि फोन तोंडापासून लांब धरून तिनं हाक दिली. त्या करड्या पाण्यावरून तो शब्द गेला असेल, माझ्या आईच्या पायरीवरून निघालेला.

"ये!"

मग मला म्हणाली, "चल आत्या, ठेवतो."

"ठेव," मी म्हटलं.